येसाजी खवल्याचा वचननामा

एका जंगलात संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी येसाजीने शपथ घेतली. वेळ अगदी पक्की आहे, कारण त्याची बायको मंजुळा हिने ती मनात धरून ठेवली होती. बाळाची दुधाची वेळ सहाची. शपथ ऐकायला थांबल्यामुळे सात मिनिटं उशीर झाला होता.

येसाजी म्हणजे खवले मांजर. नाव मांजर, पण मांजर नव्हे हं मुलांनो, उगाच हात लावायला जाऊ नका. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि जेवणात एकच पदार्थ, वाळवी. त्यांची तान्ही ठकू आईच्या शेपटीवर बसून फिरायची. घट्ट धरून बसायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या जंगलात तेव्हा सोंगांच्या खेळाची साथ आली होती. संध्याकाळी सगळे सपाट खडकावर जमायचे. कासवआबा सांगायचे, "तुमच्यापुढे गुहा आहे. आत राक्षस घोरतोय. बोला, काय करता?" मग जो तो आपल्या सोंगाला शोभेल असं बोलायचा आणि फोडलेले चिंचोके टाकायचा. पांढरी बाजू वर आली की जमलं, काळी आली की फसलं. घुबड चेटकीण झालं होतं. कोल्हा चोर झाला होता. त्याला फार मेहनत पडली नाही.

येसाजीने नेक वीराचं सोंग घेतलं. चिलखत अंगावर आयतंच होतं. नेक वीराला चार चिंचोके जास्त मिळायचे, शिवाय झाडाच्या सालीची एक ढाल. अट एवढीच, की त्याने आपला वचननामा आपण लिहायचा आणि तो पाळायचा. मोडला तर ढाल परत.

"तीन कलमं पुरेत रे," आबा म्हणाले. "खोटं बोलू नये, दुबळ्याला छळू नये, मित्राला सोडू नये. झालं."

"तीन?" कोल्हा म्हणाला. "आबा, तीन तर ससासुद्धा पाळतो. येसाजीरावांसारख्या वीराला तीन?"

येसाजीला आजवर कुणी 'राव' म्हटलं नव्हतं. त्याची मान ताठ झाली. त्याने पळसाचं एक पान घेतलं आणि नखाने लिहायला बसला. कोल्हा सुचवत गेला, येसाजी लिहीत गेला. परक्याच्या घरात न विचारता शिरणार नाही. झोपलेल्याला उठवणार नाही. आपल्याहून लहान असेल त्याला न विचारता जीभ लावणार नाही. एक पान पुरेना, म्हणून पत्रावळीला टाचतात तसं काडीने दुसरं टाचलं. मग तिसरं. असं करत कलमं एकवीस झाली आणि पानंही एकवीस झाली. शेवटचं कलम असं होतं: वीर खडकावर वीर, तसाच घरीही वीर, आणि हे सर्व कुटुंबासह लागू.

"कुटुंबासह म्हणजे कोण?" मंजुळाने विचारलं.

"म्हणजे आपण सगळे," येसाजी प्रेमाने म्हणाला.

"मला विचारलंत का?"

"विचारायचं कलम नाहीये त्यात."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला येसाजी वारुळापुढे उभा राहिला. आधी खाकरला.

"आत येऊ का?"

"कोण आहे?" आतून वाळवीच्या राणीने विचारलं.

"मी येसाजी. नेक वीर."

"काय काम होतं?"

आता खोटं बोलायचं नाही हेही एक कलम होतंच. "तुम्हाला खायचं होतं," येसाजी म्हणाला.

आत थोडी कुजबुज झाली. मग राणी म्हणाली, "आज नको. पाहुणे आलेत."

"बरं," म्हणून येसाजी परत आला. तिसऱ्या दिवशी राणीचं डोकं दुखत होतं. चौथ्या दिवशी ती आतूनच म्हणाली, "येत जा हो अधूनमधून. चार शब्द बोललं की बरं वाटतं."

इकडे मंजुळाचं दूध आटत चाललं. ठकू आधी खूप रडली. मग नुसती कुरकुरायला लागली. मग कुरकुरही बंद. रडणारं मूल परवडलं, गप्प झालेलं नको, हे कुठल्याही आईला विचारा. शेपटीवरची तिची पकड सैल पडली. दोनदा ती खाली घसरली, आणि मंजुळाला कळलंच नाही. नंतर कळलं. तेव्हापासून ती दर चार पावलांना मागे वळून बघायची.

घाबरू नका. बाळ शेवटी जेवतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तुम्हाला झोप यायची नाही.

कुणी बघणार नाही असं दुसरं वारूळ होतं, पण टेकडीपलीकडे. तिकडे बिबट्याचा वावर. सैल पकडीचं मूल शेपटीवर घेऊन कोण जाणार? म्हणून एका संध्याकाळी येसाजी खेळायला गेलेला पाहून मंजुळा गुपचूप जवळच्याच वारुळाशी गेली. चार घास पोटात गेले. पाचव्याला मागून कोल्हा खोकला.

"वहिनी, चालू द्या, चालू द्या," तो म्हणाला आणि थेट खडकावर गेला.

आबांचा नाइलाज झाला. ढाल काढून घेतली. येसाजी घरी आला तो पाठ करून झोपला. ओरडला असता तर मंजुळाने दोन शब्द सुनावले तरी असते. सकाळी तो उठला आणि म्हणाला, "घरातून कलम मोडलं. मी प्रायश्चित्त घेणार. सात दिवस त्या वारुळाच्या दारात पहारा देणार. आजपासून वाळवीला माझं अभय."

राणीने आतून त्याला आशीर्वाद दिला.

अशी तऱ्हा झाली. वाळवी आपल्या घरात, नवरा तिच्या दारात, आणि उपाशी पोर शेपटीवर. मंजुळाने तिथेच बसकण मारली. येसाजीने सोबत आणलेल्या वचननाम्याच्या एकवीस पानांकडे ती बघत राहिली. पानं उन्हाने कडक वाळली होती.

"अहो," ती म्हणाली.

"बोल."

"यांना अभय दिलंत ते छान केलंत. पण यांना तुमची कलमं ठाऊक आहेत का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं की, दारात एवढा मोठा गडी बसलेला बघून बिचाऱ्या भीतीने बाहेर पडत नसतील. ज्यांच्यासाठी नियम केले, त्यांना ते दाखवायला नकोत?"

येसाजीला एकदम पटलं. त्याने वचननामा वारुळाच्या तोंडाशी पसरला, चारी कोपरे दगडांनी दाबले आणि खणखणीत आवाजात पहिलं कलम वाचलं.

वाळवीने कलम ऐकलं नाही. तिने वास घेतला. वाळलेलं पळसाचं पान! आधी दहाबारा आल्या, मग शेदोनशे, मग सगळं वारूळच बाहेर लोटलं.

"बघ, वाचायला आल्या!" येसाजी हरखून म्हणाला.

कुर्र कुर्र कुर्र.

"मंजू, अगं या पहिलं कलम खातायत."

"दिसतंय."

"झोपलेल्याचं गेलं! लहानांचं गेलं! अगं, थांबव यांना! आता मी पाळू काय?"

मंजुळाने ठकूला शेपटीवरून पोटाशी ओढून घेतलं. 

"वचन पाळायचं तर ते आपल्यापाशी असायला हवं ना?"

"हो."

"आत्ता तुमचं वचन कुठे आहे?"

येसाजीने बघितलं. "यांच्या पोटात."

"मग ते परत आपल्या पोटात आणा की! एक जरी कलम बाहेर राहिलं, तरी वीर कसले तुम्ही?"

येसाजीने विचार केला. परक्याच्या घरात शिरायचं नव्हतं, पण त्याच बाहेर आल्या होत्या. झोपलेली एकही नव्हती. लहानांचं कलम तर जागेवरच नव्हतं. आणि अभय? अभयाचं कलम त्याने लिहिलंच नव्हतं, ते नुसतं बोलला होता. त्याने जीभ बाहेर काढली.

"पहिलं कलम," तो म्हणाला आणि गिळलं. "दुसरं. तिसरं." सातव्याला धाप लागली. "मंजू, एकवीस कलमं मला एकट्याला झेपायची नाहीत गं."

"कुटुंबासह लागू आहे ना?" मंजुळा म्हणाली आणि तीही जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सहाला ठकू दूध प्यायली. हनुवटीवरून ओघळेपर्यंत प्यायली. मग शेपटीवर चढली आणि तिने अशी पकड धरली की मंजुळा कळवळून म्हणाली, "अगं हळू, मेले!" म्हणाली, आणि रडलीसुद्धा.

तक्रार अर्थातच झाली. कोल्ह्याने केली.

"वचननामा कुठे आहे?" आबांनी विचारलं.

येसाजीने पोटावर हात ठेवला.

"सगळी कलमं?"

"सगळी, आबा. थोडी हिच्याकडे आहेत."

आबांनी डोळे मिटले, उघडले. "दिलेलं वचन इतकं आतपर्यंत घेतलेला वीर मी तरी पाहिला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी ढाल परत दिली.

"पण मग आता याने पाळायचं काय?" कोल्हा वैतागला.

"नवा लिहितो!" येसाजी छाती काढून म्हणाला. "या खेपेला चाळीस कलमं!"

सगळ्यांनी मंजुळाकडे बघितलं. ही आता कपाळावर हात मारून घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण मंजुळा केव्हाच पळसाखाली पोचली होती आणि मोठी मोठी पानं निवडून काढत होती.

"पन्नास लिहा," ती तिथूनच म्हणाली. "आणि अक्षर जरा मोठं काढा."

तात्पर्य: वचननामा नेहमी लांबलचक लिहावा. लहान असला तर तो पाळावा लागतो. मोठा असला की त्यावर घर चालतं.

मुलांनो, ही गोष्ट शेजारीपाजारी सांगा. घरात कुणी नेक वीर असेल तर त्याच्या बायकोला आधी सांगा. फक्त वारुळाजवळून जाताना तेवढं हळू बोला.