चौदाव्या पानावरचा सामना

मुलांनो, पाय पोटाशी घेऊन बसा, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल.

एका जंगलात झाडं किती होती हे कुणालाच माहीत नव्हतं, पण समित्या किती होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. अकरा. बारावी कशी आली, त्याची ही गोष्ट.

त्या जंगलाचं नाव अल्याड. मध्ये नदी. नदीपलीकडच्या जंगलाचं नाव पल्याड. पल्याडचे प्राणी अर्थातच याच्या उलट म्हणत.

दोन्हीकडे रग्बी लीगचं वेड होतं. एका बाजूला तेरा जण. चेंडू म्हणून रानातलं तोंडलं, कारण तेही दोन्ही टोकांना निमुळतं असतं. ते घेऊन पुढे पळायचं आणि समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवलं की गुण, पण वाटेत टाकायचं मात्र मागच्याकडेच. समोरच्यांनी सहा वेळा अडवलं की ते मुकाट्याने त्यांच्या हवाली करायचं. आणि समोरच्या खेळाडूला खायचं नाही. मध्यंतरातसुद्धा नाही.

अल्याडच्या संघात किनरी नावाची चिचुंद्री होती. बोलायची कमी. धावायची मात्र मैदानाच्या अगदी कडेकडेने, रेषेला चिकटून, जशा सगळ्या चिचुंद्र्या धावतात. तिला अडवायला सहसा कुणी जात नसे. का, ते ज्यांच्या घरात चिचुंद्री शिरली आहे त्यांना विचारा. नाकाला हात लावूनच सांगतील.

किनरीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. पल्याडशी एक खराखुरा सामना.

तिच्या आईलाही तेच हवं होतं. पण एकदा पल्याडचा संघ आला, तेव्हा उंबर पिकले होते आणि अल्याडचा संघ झाडावर होता. पुढच्या वेळी अल्याडचा संघ गेला, तर पल्याडचे सगळे कोल्ह्याच्या लग्नात. दोन्ही वेळा तयारीनिशी मैदानावर हजर होती ती एकटी किनरीची आई. मग ती गेली. चिचुंद्री दोनच वर्षं जगते, मुलांनो. आणि किनरी सव्वा वर्षाची झाली होती.

"हे असं चालायचं नाही," सगळे म्हणाले. "आधीपासून ठरवायला हवं."

म्हणून बारावी समिती नेमली. आंतरजंगली रग्बी लीग दीर्घकालीन कॅलेंडर मंडळ. लांबचा विचार करायचा, म्हणून अध्यक्ष केले जंगलातल्या सर्वांत दीर्घायुषी प्राण्याला, कूर्मराव कासवांना. वय वर्षं एकशे बारा. सचिव झाली साळू साळिंदर, कारण तिच्याकडे लेखण्या पुष्कळ. पाठीवरचा एक काटा उपटला की झालं.

पहिल्याच बैठकीत साळू म्हणाली, "दोन वर्षांचं कॅलेंडर करू या?"

"दोन?" कूर्मरावांनी डोळे उघडले. "दोन वर्षं मला मान बाहेर काढायला लागतात. वीस करा."

वीस वर्षांचं ठरलं. साळूने पळसाची वीस पानं आपल्याच काट्यांनी पत्रावळीसारखी टाचली. एक पान, एक वर्ष. मग एकेक जण येऊ लागला. मोर म्हणाला, पावसाळ्यात मला नाचायचं असतं. हरिण म्हणालं, शिंगं गळायच्या दिवसांत मला चारचौघांत यायला लाज वाटते. हत्तीने कारण सांगितलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. सगळ्यांचे दिवस राखून ठेवले. पात्रता फेऱ्या टाकल्या. पात्रता फेरीला पात्र होण्याच्या फेऱ्या टाकल्या. मध्येच सातवं वर्ष एका शेळीने खाल्लं, तेव्हा मंडळाने ते विश्रांतीचं वर्ष जाहीर केलं.

पत्रावळ वडाला टांगली, त्या दिवशी किनरी सगळ्यांच्या आधी तिथे पोचली. पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. अल्याड विरुद्ध पल्याड सापडलं ते चौदाव्या पानावर. चैत्रात.

ती कूर्मरावांकडे गेली. पहिल्यांदाच एवढं मोठ्याने बोलली.

"आजोबा, चौदाव्या वर्षी मी नसेन हो."

"अध्यक्ष म्हण. कुठे जाणार आहेस?"

"कुठे म्हणजे... मरणार आहे. नऊ महिन्यांनी, फार तर दहा."

कूर्मरावांनी बराच वेळ विचार केला. तेवढ्यात दुपारची संध्याकाळ झाली.

"हे बघ पोरी," ते म्हणाले, "ही तुझी घरगुती अडचण आहे. मंडळ घरगुती गोष्टींत पडत नाही. तरी अर्ज दे. साळूकडे."

साळूने अर्ज घेतला आणि मागे बसलेल्या घुबडाकडे दिला. घुबडाने त्याच्या मागच्या वटवाघळाकडे. खेळाचे नियम मंडळ मनापासून पाळत होतं. किनरी सहा वेळा विचारायला गेली, सहा वेळा अडवली गेली. सातव्या वेळी तिला सांगितलं, की प्रकरण आता दुसऱ्या समितीच्या हवाली झालं आहे.

"साळूमावशी, खरं सांग," किनरी म्हणाली. "आम्ही आपले आपण खेळलो तर?"

साळूने इकडेतिकडे पाहिलं. "कॅलेंडराबाहेर खेळणाऱ्यावर पाच वर्षांची बंदी आहे बाई."

"पाच?" किनरी म्हणाली. "मग तेवढं जगायची सोयही मंडळच करणार का?"

साळूला हसू आलं. अंगावरचे काटे वाजायला लागले म्हणून तिने ते दाबून धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनरी ओंडक्यावर बसून नदीपार गेली. पल्याडच्या संघाची कप्तान होती बिजली मुंगूस. तिला सर्दी झाली होती. ती उन्हात नाक शेकत बसली होती.

"तुम्हालापण चौदावं वर्ष का गं?" बिजलीने विचारलं. "आमचा हत्ती खूश आहे. म्हणतो, तयारीला वेळ मिळाला."

"नदीच्या मध्ये वाळूचं बेट आहे," किनरी म्हणाली. "ते ना अल्याड, ना पल्याड. कुठल्याच पानावर नाही."

बिजली जोरात शिंकली. "परवा?"

"परवा."

बातमी कूर्मरावांच्या कानावर त्याच संध्याकाळी गेली. ते संतापले. "हा सामना मी स्वतः जाऊन थांबवतो!" असं म्हणून ते ताबडतोब निघाले. वडापासून वाळूचं बेट दोनशे पावलांवर होतं. हत्तीच्या नव्हे, सशाच्या.

परवा उजाडला. दोन्हीकडचं सगळं जंगल बेटावर लोटलं. शिट्टी वाजवायला कुणी मिळेना, तेव्हा एका झुडपाआडून साळू बाहेर आली. "मी फक्त पाहायला आले होते," असं म्हणत तिने शिट्टी घेतली.

सामना कसा झाला म्हणून सांगू! अठरा तोंडली फुटली. मोर चिखलात आपटला, आणि पिसांचं त्याला भानही राहिलं नाही. किनरी कडेने निघाली की पल्याडचे खेळाडू नाक धरून बाजूला होत. एकट्या बिजलीला सर्दी होती. ती नेमकी आडवी यायची आणि किनरीला वाळूत लोळवायची.

"कशी काय वाटली धडक?" बिजली वरून विचारायची.

"छान," खालून किनरी म्हणायची. तिला खरंच छान वाटत होतं. आजवर तिला कुणी एवढ्या जवळ येऊन अडवलंच नव्हतं.

शेवटची मिनिटं. गुण सारखे. तोंडलं मागून किनरीकडे आलं. तिने ते दातांत धरलं आणि रेषेला चिकटून सुटली. बिजलीने झेप घेतली, पण मधेच तिला शिंक आली. किनरी शेवटच्या रेषेपलीकडे पडली, तोंडल्यासकट.

त्या वेळी तिला मैदानावर आई दिसली वगैरे काही झालं नाही. तिला फक्त वाळू दिसली, कारण तिचं तोंड वाळूत होतं. पण ते वर काढल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "आई गं, झाला एकदाचा."

सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी कूर्मराव बेटावर पोचले. "थांबवा!" ते ओरडले. बेटावर एक बगळा होता. तो थांबला.

तातडीची बैठक बसली. बंदी घालावी, तर सगळ्या जंगलावर घालावी लागणार, सचिवांसकट. सोडून द्यावं, तर कॅलेंडर चुकलं असं होणार. आणि वीस वर्षांचं कॅलेंडर चुकून कसं चालेल? साळूने शेवटी एक काटा उपटला आणि सामन्याचा निकाल चौदाव्या पानावर, चैत्रातल्या चौकटीत लिहून टाकला.

किनरीला बोलावलं.

"मुली," कूर्मराव म्हणाले, "पाहिलंस? नियोजन असलं की असं होतं. सामना ठरल्या वेळेच्या तेरा वर्षं आधी पार पडला. मंडळाने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव केला आहे."

"अभिनंदन, आजोबा."

"अध्यक्ष."

"अध्यक्ष," किनरी म्हणाली. "आता पुढे काय करणार?"

"आता चाळीस वर्षांचं करायला घेतोय. बैठक लांबेल."

"किती?"

"चांगली लांबेल."

किनरीने मान डोलावली, वेलीवरचं एक तोंडलं तोडलं आणि कडेकडेने नदीकडे निघाली. पलीकडच्या काठावरून कुणीतरी मोठ्याने शिंकलं.

तात्पर्य: लांबचं नियोजन फार गरजेचं असतं. त्यासाठी थोरामोठ्यांना एकत्र बसवावं, आणि ते बसलेले आहेत तोवर आपण खेळून घ्यावं.