न तुंबणारा ड्रिपर

विद्यापीठ आणि कारखाना ही देशाच्या प्रगतीची दोन चाकं आहेत, यावर सर्व सरकारांचं एकमत आहे. दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरली तर देश पुढे जातो. उलट दिशांना फिरली तर तो जागच्या जागी गरगर फिरतो, आणि त्याला सहकार्य म्हणतात. (गरगर फिरणाऱ्यालाही आपण कुठेतरी चाललोय असं वाटतं, हा त्यातला मुख्य लाभ.)

नव्वदचं दशक सरता सरता इस्रायलमधल्या अश्दोदचा एक ठिबक-नळ्यांचा कारखाना आणि बेर्शेबाच्याही पलीकडे वाळवंटात वसलेलं एक विद्यापीठ यांनी असं सहकार्य आरंभलं. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही, खुद्द तिथेही त्यावर वाद आहेत.) उद्दिष्ट उदात्त होतं : कधीही न तुंबणारा ड्रिपर, म्हणजे ठिबक-नळीचं थेंब सोडणारं तोंड. सरकारनं अनुदान दिलं आणि दोन अटी घातल्या. एक, दोघांनी मिळून काम करावं. दोन, काम शिल्लक असेपर्यंतच अनुदान मिळेल. दुसरी अट पहिलीपेक्षा मनापासून पाळली गेली.

प्राध्यापक योराम यांच्या मते कारखान्याला विचार करता येत नव्हता, आणि व्यवस्थापिका पनीनाबाईंच्या मते विद्यापीठाला विचार थांबवता येत नव्हता. दोघं एकमेकांशी बोलेनात. म्हणून मध्ये एक माणूस नेमला गेला, तो एलायजा चेऊलकर. मूळचा कोकणातला मराठी ज्यू; कोकणातून मुंबईच्या गिरणीत फिटर आणि तिथून अश्दोदच्या कारखान्यात, असा त्याचा प्रवास. कारखान्यातलं त्याचं मूळ खातं बंद पडलं होतं. ही खुर्ची गेली तर पुढचा मुक्काम घर, आणि पेन्शन तर अजून हाताशी आलेलं नव्हतं. अश्दोदमध्ये पनीनाबाई विचारत, "ते लोक दिवसभर करतात तरी काय?" बेर्शेबापर्यंतच्या बसप्रवासात या वाक्याचं 'कारखान्याला आपल्या कामात खोल रस आहे' असं होई. एलायजा सरळ माणूस. इतकं खोटं बोलण्याचा पगार त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एका उन्हाळ्यात अरिष्ट कोसळलं. ड्रिपर तुंबेना.

फिल्टर काढून टाकला, गढूळ पाणी सोडलं, तरी विद्यापीठाच्या प्रयोगातल्या वांग्यांच्या वाफ्यात टपटप चालूच. योराम रोज पहाटे येऊन बघायचे आणि पडेल चेहऱ्यानं परत जायचे. अविताल या विद्यार्थिनीचा प्रबंधच मुळी 'तुंबण्याचा वेग' यावर होता. ती वाफ्याशी बसून रडली. पनीनाबाई फोनवर कडाडल्या, "न तुंबणारा ड्रिपर गिऱ्हाईक एकदाच विकत घेतं!" आता यशाचा अहवाल धाडावा लागणार, म्हणजे प्रकल्प संपणार. शंभर टक्के यश, आणि शंभर टक्के लोक सुतकात.

"व्हायोलेट, आपला ड्रिपर चोक होईना," एलायजा घरी बायकोला म्हणाला.

"मग चांगलंच नाय का?"

"चांगलं झालं तर मी घरी."

"घरी? दिवसभर?" व्हायोलेटनं तिथल्या तिथे एलियाहू हन्नबीला, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, नवस बोलून टाकला.

रीत अशी की आधी नवस बोलायचा, काम झालं की मलिदा करून फेडायचा. पण व्हायोलेटनं या देशात पुष्कळ कचेऱ्या पाहिल्या होत्या. "हन्नबीला ताटकळत ठेवायचं नाय," ती म्हणाली, "ॲडव्हान्स देऊन टाकू." मग भिजवलेले पोहे, साखर, खजूर आणि ढीगभर खवलेला नारळ. घरी प्रार्थना झाली, आणि मलिदा सगळ्यांना वाटायचा असतो म्हणून एलायजा उरलेलं भलंमोठं ताट घेऊन वाफ्यावर गेला. मलिद्याचा नव्वद टक्के भाग विद्यापीठानं खाल्ला, दहा टक्के उद्योगानं. (उद्योग म्हणजे एलायजा.) संशोधनाच्या श्रेयाचंही साधारण असंच वाटप होतं.

ताट चिकट झालं होतं. पाण्याचा थेंब वाया घालवणं त्या देशात पाप, म्हणून एलायजानं ते प्रयोगाच्या टाकीच्या तोंडावर धरूनच विसळलं. धुवण वांग्यांना मिळालं आणि नारळाचा चव ड्रिपरना.

दुसऱ्या दिवशी एकूणएक ड्रिपर ठार बंद! योराम यांनी एलायजाला मिठी मारली. अवितालनं वाफ्याभोवती फेर धरला. नारळानं तुंबण्यावर जगात कुणी अक्षरही लिहिलेलं नव्हतं. पनीनाबाईंना तर नारळ पिकणारे सगळे देश डोळ्यांपुढे दिसू लागले. सरकारही मुदत वाढवायला तयार झालं, मात्र एखाद्या नारळवाल्या प्रदेशानं लेखी उत्सुकता दाखवायला हवी होती.

योगायोगानं महाराष्ट्रातून एक शिष्टमंडळ अभ्यासदौऱ्यावर आलंच होतं. त्यांना वाफ्यावर आणलं आणि दुभाषा म्हणून एलायजाला पुढे केलं. त्याचं पेन्शन आता या मंडळींच्या सहीवर लटकत होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं असताना मंडळातल्या एकानं विचारलं, "पण हा ड्रिपर चालतो का?"

हिब्रूत तो सहज निभावून गेला असता. पण मराठीत खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. या देशात आल्यापासून ती भाषा त्यानं फक्त घरात वापरली होती. "नाय चालत, साहेब," तो म्हणाला. "आणि चालू नये म्हणून तर आमी सगळी झटतोय."

एलायजानं डोळे मिटून घेतले. मग शिष्टमंडळाचे प्रमुख सहकाऱ्यांकडे वळले. "ऐकलंत? असं तोंडावर कबूल करायला छाती लागते. हा देश उगाच नाही पुढे गेला!" टाळ्या झाल्या, सह्या झाल्या. एलायजा यथावकाश हारतुरे घेऊन निवृत्त झाला, आणि व्हायोलेटला जे टळावंसं वाटत होतं ते रीतसर सुरू झालं.

शिष्टमंडळ परतलं आणि त्यांनी गावोगाव 'इस्रायलकडून काय शिकावं' यावर भाषणं दिली. तुमच्या गावातही झालं. तुम्ही तिसऱ्या रांगेत होता, "नाहीतर आपण!" असं शेजाऱ्याच्या कानात म्हणालात तेही ऐकू आलं. घरी जाताना तुम्ही गॅलरीतल्या कुंड्यांसाठी तेच इस्रायली ड्रिपर घेतलेत. दुकानदार बिचारा प्रामाणिक. "साहेब, हे फार लवकर चोक होतात," तो म्हणाला.

"असू दे," तुम्ही अभिमानानं म्हणालात, "ओरिजिनल आहेत," आणि आणखी डझनभर बांधून घेतलेत.