कोऱ्या तिहाईची हकीकत

श्री गणाधीश जो मोजतो, आणि श्री शारदा जी मोजीत नाहीं, उभयतांचे चरणीं मस्तक ठेवून हें वर्तमान लिहिलें जातें. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, आश्विनमासीं शुद्ध दशमीस एका दौलतींत मोठी लढाई जाहली. तलवार निघाली नाहीं, घोडा पडला नाहीं, परंतु एका मनुष्याची अब्रू गेली आणि दुसऱ्याची राहिली, आणि जी राहिली ती गेलेल्या अब्रूहून हलकी ठरली. तें सविस्तर ऐकावें.

त्या दौलतीचें नांव घेण्याची आज्ञा नाहीं. तेथील महाराज मोठे गुणग्राही होते, नवी गोष्ट ऐकिली कीं दुपारपर्यंत तिचा हुकूम काढीत. त्यांचे पदरीं चिंतोपंत म्हणून गणिती होते. वय लहान, बुद्धि तीक्ष्ण, काशीस विद्या करून नुकतेच परतलेले, आणि जें दिसेल तें मोजावें असा स्वभाव. कोणा सुंदर स्त्रीनें दारीं रांगोळी घातली तर पंत स्त्रीकडे न पाहतां ठिपके मोजीत उभे राहत, यामुळें सासुरवाडीस त्यांची कीर्ति उत्तम होती. त्यांचें म्हणणें ऐसें कीं गणित आणि कला ह्या सख्ख्या बहिणी, थोरली मुकी आणि धाकटी बोलकी, आणि धाकटी जें बोलते तें सारें थोरलीचे मनांतलें. एके दिवशीं त्यांनीं दरबारांत तंबोऱ्याची तार ऐन मध्यावर दाबून छेडिली, आणि तोच सूर वरचे सप्तकांत निघाला. महाराजांनीं स्वतः तार दाबून पाहिली, पुनः पाहिली, आणि लेंकरासारखे हंसले, आणि त्या दिवसापासून पंतांचें आसन चार हात पुढें आलें.

त्याच गांवीं सटवाजी गुरव म्हणून पखवाजी होते. पन्नाशी उलटलेली, देवळांतील पूजा आणि दरबारांतील पखवाज हीं दोन्ही कामें बापापासून चालत आलेलीं. बोल तोंडीं शिकले, आंकडा कधीं शिकले नाहींत. सम कोठें येते हें विचारिलें असतां छातीवर हात ठेवीत, आणि म्हणत, येथें येते. पंतांस हें मोठें नवल वाटे आणि मोठें आवडेही. सांजवेळीं ते सटवाजींचे ओसरीवर जात, सटवाजी वाजवीत, पंत बोटांवर मोजीत, आणि सटवाजींची स्त्री म्हाळसाबाई दोघांपुढें शेंगांची चटणी आणि भाकरी ठेवीत आणि म्हणत कीं एकाचे हात थांबत नाहींत आणि एकाचीं बोटें, जेवायचें कोणीं. ऐसा स्नेह होता.

आतां त्या दौलतीची चाल सांगणें अवश्य आहे. दसऱ्याचे दरबारीं ध्रुपद होई आणि शेवटीं पखवाजी तिहाई वाजवी. तिहाई म्हणजे बोलांचा एक तुकडा तीन वेळ वाजवावा, मध्यें थोडें थांबावें, त्या थांबण्यास दम म्हणतात, आणि तिसऱ्या तुकड्याचा शेवटला 'धा' गायकाचे समेवर, म्हणजे तालाचे पहिले मात्रेवर, नेमका येऊन पडावा. आणि ती तिहाई कोरी असावी, म्हणजे पूर्वीं कोणीं वाजविलेली नसावी, घरीं मांडीवर थापटून पाहिलेलीही नसावी. पाहिली तर ती उष्टी, उष्टें देवीपुढें चालत नाहीं. आणि ज्याची सम चुके त्यानें पखवाजाचे डावे तोंडास लाविलेली कणीक सिंहासनापुढें आपले नखांनीं खरवडून ताटांत ठेवावी आणि निघून जावें, मग दरबारांत त्यानें पुनः कणीक लावूं नये. तीन पिढ्यांत ऐसा प्रसंग आला नव्हता, म्हणून तें ताट कोठें ठेविलें आहे हेंही कोणास ठाऊक नव्हतें.

त्या वर्षीं पलीकडील दौलतीचे वकील दसऱ्यास येणार होते. महाराजांचे मनांत आलें कीं त्यांस दाखवावें, आमचे राज्यांत कलाही हिशेबानें चालते. मग आज्ञा जाहली कीं यंदाची तिहाई पंतांनीं गणितानें रचावी आणि सटवाजींनीं तैशीच वाजवावी. पंतांनीं आनंदानें रचिली. तुकडा लांबलचक, दम तीन मात्रांचा, आणि कोणते मात्रेपासून उठावें, म्हणजे तिहाई आरंभावी, हें समेपासून मागें मोजून काढिलें. सटवाजींस बोल सांगितले आणि उठण्याची जागा सांगितली. सटवाजी भीत भीत म्हणाले कीं पंत, एवढा लांब पल्ला, मनांतल्या मनांत एकदां म्हणून पाहूं काय. पंतांस तें थोडें लागलें. ते म्हणाले कीं मनांत म्हटलें तरी उष्टेंच, आणि सम ही कांहीं पाहुणी नव्हे कीं आली तर आली, ती मोजल्या ठिकाणीं असतेच. सटवाजी हंसले आणि म्हणाले, तुम्हांस दिसते तर मला काय, मी डोळे मिटून येतों.

मग दशमीस दरबार भरला. उजवे बाजूस वकील बसले, डावे बाजूस मानकरी, मध्यें ध्रुपदिये बुवा, आणि बुवांचे शेजारीं सटवाजी. गाणें रंगलें आणि तिहाईची वेळ आली, आणि सटवाजी पंतांनीं सांगितले मात्रेपासून उठले. काय वर्णावें, पहिला तुकडा म्हणजे आघाडीची फौज, दणदणत गेली. मग दम. दुसरा तुकडा त्याचे मागून, निशाणें फडकत. मग दम. तिसरा तुकडा खासा, हत्तीवरील नौबतीसारखा, आणि शेवटला 'धा' ऐसा पडला कीं झुंबरें हललीं. अर्ध्या दरबारानें वाहवा केली. आणि सम आली नव्हती. ताल धरिलेला बुवांचा हात वर तसाच होता. एक मात्रा गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, सारा दरबार तोंड उघडें ठेवून बसला, आणि मग बुवांची सम एकटीच येऊन पडली, जशी लग्नघटिका टळल्यावर नवरी मंडपांत यावी. वकिलांनीं शेल्यानें तोंड झांकिलें, परंतु खांदे हलत होते.

सटवाजींनीं आपले हातांकडे पाहिलें. कोणी कांहीं बोलण्यापूर्वीं त्यांनींच पखवाज आडवा घेतला आणि कणीक खरवडूं लागले. ताट सांपडेना, म्हणून त्यांनीं ती आपले उपरण्यांत बांधिली, आणि मुजरा केला, आणि गेले. महाराज वकिलांकडे वळून म्हणाले, "हिशेब खरा, हात खोटा." मानकऱ्यांनीं माना डोलविल्या आणि पंतांचे अंगावर शालजोडी आली. पंतांनीं ती घेतली. तेव्हां त्यांस ठाऊक नव्हतें. त्यांसही हात चुकला ऐसेंच वाटलें, आणि स्नेह्याबद्दल वाईट वाटलें, आणि शाल ऊबदार होती.

परंतु पंतांचा स्वभाव मोजण्याचा. घरीं येऊन त्यांचे मनांत आलें कीं हात किती चुकला तें पाहावें. त्यांनीं त्या शांततेच्या मात्रा आठवून पाहिल्या, तों त्या बरोबर एका दमाइतक्या भरल्या. हात चुकता तर वेडावांकडा चुकता, कमी चुकता, अधिक चुकता. इतकें नेमकें चुकणें हें हाताचें काम नव्हे. मग त्यांनीं आपला हिशेब उलगडून पाहिला आणि चूक तेथेंच बसली होती. ताल हें चक्र, म्हणून पंतांनीं तिहाईही चक्रच धरिली. हारांत तीन मणी ओंविले तर मणी तीन आणि मधल्या जागाही तीन, हें खरें. परंतु तिहाई हार नव्हे. ती आरंभीं आरंभते आणि शेवटीं संपते, तींत तुकडे तीन आणि दम दोनच. पंतांनीं एक दम अधिक मोजून सटवाजींस तितकें आधीं उठविलें होतें. जी चूक पाटीवरचें पोर करणार नाहीं ती त्यांनीं केली होती, कारण चक्राची कल्पना फार सुंदर होती.

पंतांनीं शाल काढून खुंटीस लाविली आणि निश्चय केला कीं उद्यां सांगूं. उद्यां वकील होते, दौलतीची लाज परक्यापुढें कशी काढावी. परवां वकील गेले, परंतु महाराजांनीं नवा हुकूम काढिला होता कीं हिशेबाची परीक्षा दरबारांत जाहली, आतां सर्व कलावंत पंतांचे देखरेखीखालीं असावे. मग चिताऱ्यास ताकीद गेली कीं डोंगराचे दोन्ही उतार सारखे काढावे, आणि माळिणीस ताकीद गेली कीं गजऱ्यांतील कळ्या समान अंतरावर असाव्या, आणि बुवांस ताकीद गेली कीं तान घेण्यापूर्वीं तिची लांबी कळवावी. बुवा तंबोरा गवसणींत घालून तीर्थयात्रेस गेले. आणि पंत प्रत्येक ताकिदीवर सही करीत, आणि प्रत्येक सहीबरोबर सांगणें अधिक जड होई. सटवाजींचे ओसरीवर जाणें त्यांनीं बंद केलें. वाटेंत गुरवआळी लागे म्हणून नदीवर लांबून जाऊं लागले.

मग मार्गशीर्षांत एके सकाळीं सटवाजी स्वतः पंतांचे घरीं आले, आणि जोडे काढून बाहेरच उभे राहिले. पंतांनीं हात धरून आंत बसविलें. सटवाजी म्हणाले, "पंत, मला मोजायला शिकवा. हा हात इतकीं वर्षें मला फसवीत होता, आणि मला कळलें नाहीं." पंत तेव्हां सांगते तर अजून वेळ होती. परंतु त्यांनीं चिंचोके आणविले आणि मोजणें शिकविलें. रोज शिकविलें. सटवाजी पाठशाळेंतील पोरागत मन लावून शिकत, आणि चुकले कीं उजवे हातावर डाव्या हातानें चापट मारीत आणि म्हणत, थांब रे चोरा. पंत समोर बसून पाहत. बेरीज शिकविली, पाढे शिकविले, तिहाईचा विषय मात्र कधीं काढिला नाहीं.

पौषांत म्हाळसाबाई आल्या. त्या बसल्या नाहींत. म्हणाल्या कीं पंत, घरीं आतां जेवतांना घांस मोजतात, देवळांत घंटा वाजली कीं टोल मोजतात, मी अंगण झाडूं लागलें कीं खराट्याचे फटके मोजतात, आणि पखवाजास हात लावीत नाहींत. आणि म्हणाल्या, "तुमची विद्या आमच्या घरास खरजेसारखी लागली हो." पंतांनीं मान खालीं घातली. म्हाळसाबाई म्हणाल्या कीं तुम्ही मान कशाला घालतां, तुमचा काय दोष, तुम्ही तर शिकवितां. हें ऐकून पंतांस जें जाहलें तें शिवीनें जाहलें नसतें.

मग पंत दुसरे दिवशीं शाल घडी करून दरबारीं गेले, आणि भर दरबारांत सांगितलें कीं दसऱ्यास हात खरा होता, हिशेब खोटा होता, मीं दोन दमांचे तीन धरिले, आणि हें मला त्याच दिवशीं कळलें होतें. दिवाण म्हणाले कीं त्याच दिवशीं कळलें हें सांगण्याचें कारण नव्हतें, आज कळलें म्हटलें असतें तरी चालतें. पंत म्हणाले कीं तेंच तर सांगावयास आलों. महाराज मिशीवर हात फिरवीत म्हणाले कीं शाल परत घेतां येत नाहीं, आम्हीं दिलेली वस्तु चुकत नसते, ती अंगावर घ्या आणि बसा, ताकिदी रद्द, आणि सटवाजीस पाडव्यास बोलवा. पंत शाल पांघरून बसले. चोपदार आज्ञा घेऊन गुरवआळींत गेला आणि कारणही मोठ्यानें वाचून आला.

तिसरे प्रहरीं पंत सटवाजींचे ओसरीपाशीं गेले. सटवाजी बसले होते. पंत पायांवर डोकें ठेवूं लागले तों सटवाजींनीं पाय आंखडून घेतले. आणि म्हणाले, "महाराजांची सम चुकली नव्हती, पंत. माझी चुकली होती. मला आधीं सांगायचें होतें." पंत म्हणाले, "धैर्य जाहलें नाहीं, बाबा." सटवाजी म्हणाले, "तुमच्यासमोर बसून मी ह्या हाताला चोर म्हटलें. तुम्ही चिंचोके सरकवीत होतां." मग त्यांनीं आंत हांक मारून म्हाळसाबाईंस सांगितलें कीं पंतांस पाणी द्या, आणि स्वतः उठून देवळांत गेले. पाणी आलें. पंत तें प्याले, कारण न पिणें अधिक वाईट दिसतें.

मग चैत्र शुद्ध प्रतिपदेस दरबार भरला. बुवा यात्रेहून परतले होते. सटवाजींनीं पखवाज वाजविला, तिहाई आपली घेतली, आणि शेवटला 'धा' बुवांचे समेवर ऐसा पडला कीं केसाइतकें अंतर राहिलें नाहीं. दरबार उठून उभा राहिला. महाराजांनीं आपले हातांतील कडें दिलें. सर्वांनीं हात पाहिले आणि धन्य धन्य केलें. एकटे पंत सटवाजींचे तोंडाकडे पाहत होते. सारी तिहाईभर ओठ बारीक हलत होते. सटवाजी मोजीत होते. आणि समेवर पोंचल्यावर पूर्वीं जो हंसरा चेहरा होई तो जाहला नाहीं, उसना माल ठिकाणीं पोंचविल्यावर हमालाचा होतो तसा जाहला. पंतांनीं मान खालीं घातली, आणि शेजारचे मानकरी म्हणाले, पाहा, पंतही डोलले.

ऐसी ही लढाई जाहली. गणित खरें होतें आणि आहे, कलाही खरी होती, मध्यें एक माणूस गप्प बसला इतकेंच. गेलेली जागा सटवाजींस मिळाली, महाराजांस पाहिजे तो हिशेब मिळाला, आणि चिंतोपंत पुढें पुष्कळ वर्षें मानानें जगले, परंतु पखवाज सुरू जाहला कीं डोळे मिटून घेत. ऐकणारानें बोध घ्यावा, लिहिणारास दोष देऊं नये, लेखनसीमा.