दहापैकी तीन गुणांचा प्रश्न

मंदाताईंच्या प्रश्नाला नरहरी सरांनी दहापैकी तीन गुण दिले, आणि तेही हस्ताक्षर बरे होते म्हणून.

प्रश्न असा होता : 'आम्हांला आगाशीच्या घरी परत राहायला जाता येईल का?' कॅलेंडरच्या पानामागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहून मंदाताईंनी फ्रिजच्या दारावर लावून ठेवला होता. बोळिंजच्या त्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी कृतिका टॅरोचे पत्ते वाचत असे. मंगळवारी मंदाताईंची पाळी होती, आणि प्रश्न आधी कागदावर लिहून आणायचा, असा तिचा नियम होता.

नरहरी राऊत सरांनी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्यांतली बरीचशी वर्षे प्रश्नपत्रिका काढण्यात घालवली. निवृत्तीनंतर त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार सुरू केली, तेव्हा आगाशीच्या वाडीतल्या घराला कुलूप लावून दोघे या सातव्या मजल्यावर आले. दवाखाना जवळ, लिफ्ट दारात. मंदाताई काही न बोलता आल्या होत्या, आणि दोन वर्षे त्यावर काही बोलल्याही नव्हत्या. आता सरांचा चुलतभाऊ जयवंत ते बंद घर शनिवार-रविवारच्या पर्यटकांसाठी मागत होता. येत्या रविवारपर्यंत त्याला उत्तर हवे होते. "द्यायला हरकत नाही," असे सर म्हणाले. मंदाताईंनी भाजी निवडून संपवली आणि खाली जाऊन कृतिकाकडे नाव नोंदवले.

"हे काय?" सर फ्रिजपाशी थांबले.

"प्रश्न आहे. वाचू नका."

"वाचला. सदोष आहे." त्यांच्या खिशातून लाल पेन निघालेही. "'येईल का' म्हटलं की उत्तर हो किंवा नाही. त्यात आकलन कुठे कळतं?"

"मला आकलन नकोय. उत्तर हवंय."

"पण तुझी कृतिकाच म्हणते ना, हो-नाहीचे प्रश्न आणू नका?"

हे मात्र खरे होते. 'प्रश्न असा आणा, काकू, की त्यात विचार करायला जागा राहील,' असे तिने बजावले होते. सरांच्या मते टॅरो हे शुद्ध थोतांड होते. पण थोतांडालासुद्धा वाईट बांधणीचा प्रश्न विचारलेला त्यांना सहन होत नसे. ते पान काढून घेऊन ते प्रश्नांच्या कच्च्या आराखड्यांची वही उघडून बसले आणि वीस मिनिटांनी त्यांनी नवा कागद पुढे केला : 'निवासस्थानातील संभाव्य बदलाच्या संदर्भात संबंधितांनी कोणकोणत्या बाबींचा साकल्याने विचार करावा?'

"आता दहापैकी दहा," ते समाधानाने म्हणाले. हे निवासस्थान आपले आणि संबंधितांपैकी एक आपणच, ही गोष्ट त्या वीस मिनिटांत त्यांच्या मनाला शिवली नाही. प्रश्न काढणाऱ्याने उत्तरे लिहायची नसतात, ही सवय फार जुनी होती.

कृतिकाने मंगळवारी तो प्रश्न दोनदा वाचला. "काकू, हे संबंधित कोण?"

"मी. आणि आमचे हे."

पहिलाच पत्ता निघाला तो कंदील हातात धरून मान खाली घातलेल्या म्हाताऱ्याचा. "संन्यासी," कृतिका गंभीर होऊन म्हणाली. "एकांत, अंतर्मनाचा शोध..."

"छे गं, हे आमचेच. सकाळी असेच फिरतात. चष्मा शोधत."

प्रश्नात साकल्य होते, त्यामुळे उत्तरातही ते आले. समतोल, संयम, जलतत्त्व असे चाळीस मिनिटे चालले. आगाशीचे नावही निघाले नाही.

"काय म्हणाले पत्ते?" सरांनी विचारले.

"साकल्याने विचार करा म्हणाले."

"बघ! प्रश्न नीट असला की उत्तर नेमकं येतं."

मंदाताई गॅलरीतल्या कुंडीत लावलेल्या सोनचाफ्याला पाणी घालायला निघून गेल्या. दोन वर्षांत त्या झाडाला एकही कळी धरली नव्हती.

कृतिका मात्र त्या प्रश्नाने भारावली होती. तिने इमारतीच्या ग्रुपवर लिहून टाकले : 'प्रश्न नीट मांडता येत नसेल तर आधी सातव्या मजल्यावर राऊत सरांना भेटावे.' त्याच संध्याकाळी चौथ्या मजल्यावरचा सुजय येऊन उभा राहिला. त्याचा प्रश्न होता, 'मला प्रमोशन मिळेल का?'

"हा तुझ्या साहेबाच्या पेपरातला प्रश्न आहे," सर म्हणाले. "तुझ्या पेपरात काय येतं?"

सुजयने डोके खाजवले. "माझ्या पेपरात... मी अजून मागितलंच नाहीये, असं येतं."

"मग?"

"मग मागतो ना, सर! थँक्यू हां." तो गेला तो थेट घरी. दुसऱ्या मजल्यावर थांबलाच नाही.

गुरुवारी कृतिकाकडे पापडीहून येणारी एमिली वर आली. 'ज्युड लग्नाला कधी तयार होईल?' असा तिचा प्रश्न होता.

"तू विचारलंस त्याला?"

"मी कशी विचारू, सर? त्याने नको विचारायला?"

"मग तो कशाची वाट बघतोय, हे तुला ठाऊक आहे?"

एमिलीने एकदम फोन काढला. लिफ्टमध्ये रेंज जाते म्हणून ती सात मजले जिन्याने उतरली आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत ज्युड हो म्हणून मोकळा झाला होता. हिने विचारावे म्हणून तो म्हणे दोन वर्षे थांबला होता.

शनिवारी सरांच्या दाराबाहेर सोळा जोडी चपला होत्या. मंदाताई आत चहावर चहा करत होत्या.

रविवारी दुपारी कृतिका पत्त्यांची गड्डी घेऊन वर आली. "काका, हे बरोबर नाही हां. तुमच्याकडे गेलेलं माणूस माझ्याकडे पोचतच नाही!"

"तूच तर पाठवलंस."

"प्रश्न सुधारायला पाठवलं होतं, मिटवायला नाही! आता तुम्ही बसा. एक पत्ता काढा, म्हणजे तुम्हांलाही कळेल माझं काम काय असतं ते."

पाहुण्या मुलीला दुखवू नये म्हणून सर बसले. कृतिकाने एक पत्ता पालथा ठेवला. "हं, विचारा."

सरांनी खिशातले लाल पेन काढले. हजारो प्रश्न काढलेल्या त्या माणसाला स्वतःचा म्हणून एक प्रश्न सुचेना. नमुना पाहावा म्हणून त्यांनी कच्च्या आराखड्यांची वही उघडली, तर तीतून कॅलेंडरचे पान खाली पडले. कोपऱ्यात त्यांचेच लाल अक्षर होते : 'सदोष. ३/१०.' या वेळी मात्र ते वाक्याची बांधणी पाहायला विसरले आणि वाक्यात काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले.

तेवढ्यात फोन वाजला. सरांनी तो स्पीकरवर घेतला.

"दादा, काय ठरलं?" जयवंत घाईत होता. "रंगारी दारात उभा आहे. किल्ली देतोस ना? हो का नाही, एवढंच सांग!"

"थांब जरा. प्रश्न अजून विचारायचाच राहिलाय."

"कोणाला?"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. मंदाताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"मंदा," त्यांनी घसा खाकरला, "सद्यःस्थिती, गुडघे, दवाखान्याचं अंतर आणि पावसाळ्यात बावखलाचं तळं भरून पाणी अंगणात येतं, या सर्व बाबी लक्षात घेता..."

"काका," कृतिका कळवळून म्हणाली, "साधं विचारा हो!"

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "मंदा, आगाशीला जायचं का?"

"हा तर हो-नाहीचा झाला," मंदाताई म्हणाल्या. "तीनच गुण."

"एका शब्दात उत्तर द्या," सर म्हणाले. आवाज मात्र परीक्षकाचा राहिला नव्हता.

मंदाताईंनी ट्रे टेबलावर ठेवला.

"चला."

"हॅलो? काय म्हणाली वहिनी?" फोनमधून जयवंत ओरडत होता. "रंगाऱ्याला काय सांगू?"

"ओट्याला पांढरा रंग नको म्हणावं," मंदाताईंनी फोनकडे वाकून सांगितले. "डाग दिसतात."

कृतिकाने पालथा पत्ता न उलटताच गड्डीत सरकवला. "आणखी एक गिऱ्हाईक गेलं," ती पुटपुटली, आणि चहाचा कप उचलला.