उजव्या बाहीचा ॲडमिरल

सासऱ्यांचा हुद्दा पातेल्यात टाकून सुनेने गॅस मंद केला.

हुद्दा म्हणजे त्यांच्या नौदलातल्या जुन्या कोटाच्या बाह्यांवरच्या सोनेरी पट्ट्या. सासरे कमोडोर म्हणून निवृत्त झाले होते. कॅप्टनच्या वर आणि ॲडमिरल मंडळींच्या खाली असा हा हुद्दा. आज संध्याकाळी संग्रहालयात 'कमोडोर: एका हुद्द्याची हकिगत' या विषयावर त्यांचं भाषण होतं, आणि ते तोच कोट घालून करायचं होतं. त्या कोटाला आजवर सासूबाईंशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्या गेल्यापासून कपाटाची किल्ली सासऱ्यांच्या खिशात असे. परवा मात्र त्यांनी ती सुनेच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आता तूच बघ." लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण आपण या घरच्या झालो असं तिला खऱ्या अर्थाने परवा वाटलं होतं.

कोट ठीक होता, पट्ट्या मात्र काळवंडल्या होत्या. सून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे त्या पाहून तिला काळजी वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. वर सोन्याचा मुलामा, आत चांदीची तार आणि चांदीवर हवेतल्या गंधकाने धरलेली काजळी. यावरचा उपाय तिला झोपेतही सांगता आला असता: गरम पाणी, खायचा सोडा आणि पातेल्याच्या तळाला ॲल्युमिनियमचा कागद. लोकरीचा कोट पाण्यात घालता येत नाही म्हणून तिने पट्ट्यांचे टाके उसवले. पट्ट्या पातेल्यात होत्या तोवर बाह्यांना इस्त्रीची वाफ देऊन टाक्यांची बारीक भोकंसुद्धा बुजवून टाकली. कामात काही उणं ठेवायचं नाही, हा तिचा स्वभाव.

पट्ट्या बाहेर आल्या त्या अशा लखलखीत की तिने नवऱ्याला मुद्दाम हाक मारून दाखवल्या.

"झकास," नवरा म्हणाला. "आता लाव परत."

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. टॉवेलवर दोन रुंद पट्ट्या होत्या आणि दोन अरुंद. उकळून निघाल्यामुळे सगळ्या फूटपट्टीसारख्या सरळ झाल्या होत्या. यातली कुठली वर, कुठली खाली, कुठली आडवी, कुठली तिरकी, हे तिने पाहूनच ठेवलं नव्हतं. प्रयोगाआधीची आकृती काढली नाही म्हणून विद्यार्थ्यांचे गुण कापणारी बाई टॉवेलकडे बघत नुसती उभी राहिली.

"अगं, तूच उसवल्यास ना?"

"मी टाके बघत होते, पट्ट्या नाही. आणि वडील तुझे आहेत."

"वडिलांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही कधी, म्हणून काय बाहीकडे बघत बसायचं?"

खरं तर या घरात ही माहिती नसणं म्हणजे विहिरीत राहून घसा कोरडा पडण्यासारखं होतं. कमोडोर या हुद्द्याचा इतिहास सासरे रोज जेवताना सांगत. डचांपासून सुरू करत आणि ताकापर्यंत आणत. पण घरच्यांनी तो इतक्या वेळा ऐकला होता की आता घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो कुणालाच ऐकू येत नसे.

नवऱ्याने भिंतीवरचा फोटो काढून आणला. फोटो छातीपर्यंतच होता. मग त्याने बहिणीला फोन लावला, कारण जुने अल्बम तिच्याकडे होते. ती म्हणाली की अल्बम माळ्यावर आहेत, माळ्याखाली पलंग आहे, पलंगावर तिचा नवरा झोपलाय, आणि यातलं काहीही हलण्यासारखं नाही. शेवटी नवऱ्याने मोबाइलवर शोधलं, तर जगात जितकी नौदलं तितक्या तऱ्हा निघाल्या. कुणी नुसते तारे लावले होते, कुणी तारे आणि पट्ट्या, कुणी नांगर. एका देशाने तर बाहीवर इतकं सोनं चढवलं होतं की हात वर कसा होत असेल, असा नवऱ्याला प्रश्न पडला.

"सरळ बाबांनाच विचारू," तो म्हणाला.

"आणि काय सांगू? तुमचा हुद्दा उकळला म्हणून?"

"तसं कशाला. म्हणावं, तो इतिहास सांगा ना जरा. एरवी थांबवता थांबत नाहीत."

कल्पना बिनतोड होती. अडचण एवढीच की भाषणासाठी आवाज राखून ठेवायचा म्हणून सासऱ्यांनी परवा रात्रीपासून मौन धरलं होतं. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गुळण्या करायचे आणि चहा हवा असला की हातवारे करून सांगायचे. त्या हातवाऱ्यांत कधी 'साखर कमी' असायचं, तर कधी 'जहाज उजवीकडे वळवा'. घरात इतकी शांतता कधी नव्हती आणि आजवर ती सगळ्यांना फार गोड लागली होती.

सून चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. म्हणाली, बाबा, संध्याकाळी गर्दीत नीट ऐकू येईल न येईल, मला आत्ताच सांगता का, कमोडोरच्या बाहीवर काय असतं ते?

सासऱ्यांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. आजवर या घरात त्यांना कुणी आपण होऊन विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे जरासे ओलावले. त्यांनी गळ्याचा मफलर सोडला आणि मौनही सोडलं.

"बैस," ते म्हणाले. "डचांपासून सुरुवात करू."

तिने नम्रपणे सुचवलं की एकदम बाहीकडे आलं तरी चालेल. पायाशिवाय गच्ची बांधणारे लोक त्यांना आवडत नसत, असं ते म्हणाले आणि डचांकडे गेले. युद्धात जहाजं झाली फार, ॲडमिरल पडले कमी. प्रत्येक ताफ्याला नवा ॲडमिरल नेमायचा तर त्याला पगारही ॲडमिरलचा द्यावा लागणार. मग एखाद्या अनुभवी कॅप्टनला सांगायचं, तेवढा हा ताफा सांभाळ. तो झाला कमोडोर. पुढे इतर नौदलांनीही ही सोय उचलली. मोहीम संपली की कमोडोर पुन्हा कॅप्टन. म्हणजे कित्येक वर्षं हा हुद्दा पक्का नव्हताच, निव्वळ तात्पुरती नेमणूक होती. मग त्याचं निशाण: शेपटाकडे दोन टोकं असलेलं, तो ज्या जहाजावर असेल त्याच्या डोलकाठीवर चढायचं आणि तो उतरला की तेही उतरायचं. सुनेने दर वाक्यागणिक बाहीचा विषय काढून पाहिला. सासऱ्यांनी दर वेळी "येऊ, येऊ तिथे" म्हणून तिला शिडांकडे नेलं. मग त्यांची वामकुक्षीची वेळ झाली आणि दोन टोकांच्या निशाणाखालीच ते घोरू लागले.

"काय कळलं?" नवऱ्याने बाहेर विचारलं.

"तात्पुरता हुद्दा होता, एवढंच."

"उत्तम. मग कच्चे टाके चालतील," नवरा म्हणाला आणि कोट घेऊन इमारतीखालच्या शिंप्याकडे धावला, मागोमाग पट्ट्या घेऊन सूनही.

शिंपी मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. हाताने पक्के टाके घालायचे तर उद्या या, असं त्यांनी सांगून टाकलं. आज हवं असेल तर धावदोरा. नवऱ्याने मोबाइलवरचा त्यातल्या त्यात आपल्याकडच्या वाटेल असा एक फोटो दाखवला: रुंद पट्टी खाली, अरुंद वर. यावर तिघांचं एकमत झालं. संग्रहालयाची गाडी यायला वेळ थोडा उरला होता, म्हणून उजवी बाही मास्तरांनी घ्यायची आणि डावी सुनेने, असं ठरलं. कोट टेबलावर पसरला. मास्तर मनगटाकडच्या बाजूला बसले आणि समोर, कॉलरच्या बाजूला, ती.

रुंद पट्ट्या मनगटाभोवती मापात बसल्या. अरुंद पट्टी मात्र दोघांनाही आखूड पडली, बाहीच्या अर्ध्यावरच संपली. मास्तर अनुभवी होते. त्यांनी ती समोरच्या बाजूने सरळ लावली आणि मागचा भाग मोकळा सोडला. बाहीची मागची बाजू बघणारं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नव्हतं. सुनेचं डोकं वेगळ्या वाटेने गेलं. पट्टी आखूड आहे म्हणजे ती वेढ्यासाठी नाहीच. तिने लांबीला तीन पूर्णांक चौदा शतांशने भागलं, तर घरातल्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढं वर्तुळ आलं. वळसा! पट्टीच्या वर तिचा एक गोल वळसा असतो, हे तिला आता अंधुक आठवलंही. तिने तो अगदी नीट, पट्टीच्या वरच्या कडेला टेकवून लावला. फक्त ती कॉलरच्या बाजूला बसली होती आणि बाहीचं मनगट तिच्यापासून लांब होतं. तिच्या दृष्टीने जे वर, ते कोट घातल्यावर खाली येणार होतं. एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

शेवटचा टाका पडतो न पडतो तोच संग्रहालयाची गाडी वाजली. दोघांनी माना वर करून एकमेकांच्या बाह्या पाहिल्या.

"वहिनी, हे काय केलंत?"

"मास्तर, तुम्ही हे काय केलंत?"

पण सासरे जिना उतरून आलेच होते. त्यांनी एखाद्याने पाळण्यातलं मूल घ्यावं तसा कोट घेतला, अंगात चढवला, बटणं लावली आणि मान ताठ ठेवून गाडीत बसले. नौदलातला माणूस बटणं लावताना खाली बघत नाही. गाडीत सून मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत राहिली, 'बाबा, माझ्याकडून एक चूक झाली.' दर चौकात ते ओठापर्यंत यायचं. पण सासरे खिडकीबाहेर बघत इतके आनंदाने गुळण्यांचा शेवटचा घोट घोळवत होते की तिचा धीर झाला नाही.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. डच आले तेव्हा पहिली रांग ताठ होती. शिडं आली तशी ती खुर्चीत सैल झाली, आणि निशाण फडकेपर्यंत मधल्या रांगेतले दोन गृहस्थ एकमेकांच्या खांद्यावर विसावले. सासऱ्यांना त्याचं काही नव्हतं, घरचीच सवय. "आणि आता," ते म्हणाले, "जिची तुम्ही सगळे वाट बघताय ती बाही." त्यांनी दोन्ही हात समोर धरले.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी चष्मा सावरला. "अहो साहेब," त्या सरळपणे म्हणाल्या, "दोन हातांना दोन वेगळ्या बाह्या कशा हो?"

झोपलेले गृहस्थ जागे झाले. सुनेने डोळे मिटून घेतले. किल्ली आता परत मागतील, एवढंच तिच्या मनात आलं.

सासऱ्यांनी आधी डावी बाही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग तो हात त्यांनी शांतपणे पाठीमागे नेला आणि तो मागेच ठेवला. उजवी पाहिली.

"कुणीतरी विचारावं म्हणूनच थांबलो होतो," ते म्हणाले. "ही अरुंद पट्टी बघा. अशी पट्टी रुंद पट्टीवर चढली की माणूस ॲडमिरलांच्या रांगेत जाऊ लागतो. पण ही अर्ध्यावरच थांबली आहे. का? कारण जुना कमोडोर असाच होता. काम ॲडमिरलचं, हुद्दा कॅप्टनचा, म्हणजे बाहीपुरता अर्धा ॲडमिरल. आणि मोहीम संपली की काय व्हायचं माहीत आहे?"

डावा हात क्षणभरच पुढे आणून त्यांनी पट्टीचं टोक चिमटीत धरून ओढलं. मास्तरांचा धावदोरा सर्रकन सुटला आणि पट्टी त्यांच्या हातात आली.

"हे व्हायचं," सासरे म्हणाले.

टाळ्या थांबेनात. मधल्या रांगेतले गृहस्थ तर उभे राहिले. संग्रहालयाच्या संचालिकाबाई नंतर सासऱ्यांना म्हणाल्या की आजवर इतकी व्याख्यानं झाली, पण इतिहास असा हातात आलेला त्यांनी प्रथमच पाहिला. दर महिन्याला एक हुद्दा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. पुढच्या वेळी कॅप्टन.

गाडी घराकडे निघाली. मग सासरे म्हणाले, "उजवी बाही कुणाची?"

"मास्तरांची," सून म्हणाली. "बाबा, चूक माझी आहे. मी पट्ट्या उकळल्या."

"आणि डावी?"

"डावी माझी."

"वळसा आहे हे कसं कळलं तुला?"

तिने लांबीचा आणि भागाकाराचा हिशेब सांगितला. सासऱ्यांनी मान डोलावली, पुन्हा एकदा डावी बाही समोर धरली आणि बाहीकडे बघतच म्हणाले, "बरोबर आहे. उलटा आहे, पण बरोबर आहे. असा कमोडोर मी कुठल्याच बंदरात पाहिला नाही. छतावर चालणारा असेल."

पुढच्या सीटवरून नवरा हसला. त्याला गप्प बसायला सांगण्यात आलं.

"कॅप्टनला प्रत्येक बाहीवर चार पट्ट्या," सासरे पुढे म्हणाले. "त्यातली एक चूक असली पाहिजे, आणि ती मी सांगेन तीच. ती तू लावायचीस. मास्तरांकडे नको, ते स्वतःच्या मनाची चूक करतील. पण चूक नेमकी करायची तर सगळं बरोबर काय असतं ते तुला आधी यायला हवं. सगळं."

सुनेने पर्स चाचपली. किल्ली अजून तिच्याचकडे होती आणि ती कुणी मागत नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली. "कुठून सुरुवात करायची? डचांपासून?"

सासऱ्यांनी मफलर सोडला. ती खिडकीला टेकून जरा नीट बसली. त्यांनी कितीतरी वेळ विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "लाकूड पाण्यावर तरंगतं, तिथपासून."