तल्ल शवकच्या गोफणगोळ्यांची फत्ते

अरबांचे मुलखांत दजला नदीचे पश्चिमेस तल्ल शवक नामें टेकाड आहे. तेथें पांच सहस्र वर्षांमागें तटबंदीचें नगर नांदत होतें, तें जळोन माती जालें. त्या मातीचें उत्खनन करणार विद्याधुरंधर मैसूनबाई डॉक्टरीण यांणी फत्ते कैसी केली, तें वर्तमान घडलें तैसें लिहितों. पदरचा शब्द घालीत नाही.

बाईंस जळक्या तटापाशीं मातीचे अंडाकार गोळे शेकड्यांनी सांपडले, आणि कितेकांचें एक टोक चेपलेलें. बाई म्हणत, हे गोफणगोळे, येथें राजा होता आणि तुंबळ लढाई जाली. परंतु तपासणीस आलेले मेहेरबान नझीह डॉक्टर, बहुत खट, त्यांणी फर्माविलें कीं हीं मागाचीं वजनें, टोकें विणकरांनी बोटांनी चेपिलीं, आणि दोन प्रहरांपर्यंत पुरावा न आणिल्यास चर बुजवावे. बाईंचा धीर सुटला.

तों पूर्वेकडोन हलकल्लोळ उठला. उम्म खुदेर नामें म्हातारी धनगरीण, तिचा बोकड चाळीस शेळ्यांची फौज घेऊन तट चढोन आला आणि नकाशा चावो लागला. मग मजूर पळाले, आणि नझीह डॉक्टर चहाचा पेला टाकोन पत्र्याच्या पिंपाआड दडले.

"खाला, बोकड आवरा तुमचा!" बाई ओरडल्या.

"ओरडून ऐकत असता तर माझा घसा कशाला बसला असता गं!"

ऐसें म्हणोन म्हातारीनें खापऱ्या धुवायच्या घमेल्यांतील ओली माती मुठींत वळिली, कमरेची गोफण सोडोन गरगरां फिरविली, आणि गोळा बोकडाच्या शिंगांवरोन सूं करीत पिंपावर आदळला. ऐसा दणका जाला कीं बोकड पळाला, मागोमाग फौज पळाली, आणि पिंपाआडोन डॉक्टरही पळाले.

बाई मात्र पिंपाकडे धांवल्या. गोळा उचलिला, तों बोट न लावितां, आदळोनच टोक चेपलेलें! जुन्या गोळ्याशेजारीं धरिला, तों जुळे भाऊ! मग बाई हंसत हंसत गिरक्याच घेऊं लागल्या.

"बरं, लढाई कबूल," नझीह डॉक्टर परत येऊन धापा टाकीत म्हणाले. "पण इथं राजा होता, हे कशावरून?"

"एवढी भिंत दिसते ना?" उम्म खुदेर म्हणाली. "वर बसून हुकूम सोडणारा कोणी नसता, तर एवढी माती कोण वाहील? तुम्ही वाहाल?"

परतलेल्या मजुरांत हंशा उसळला. डॉक्टरांनी आपल्या स्वच्छ हातांकडे पाहिलें आणि कलम उचलोन स्वहस्तें लिहोन दिलें कीं, लढाई जाली, राजा असावा, चर उघडे ठेवावे. मग बाईंनी म्हातारीच्या कपाळाचा मुका घेतला, मजुरांनी कुदळी उंच केल्या, आणि पांच सहस्र वर्षें निकालावांचोन पडलेली ती लढाई दोन प्रहरीं निकालांत निघोन फत्ते जाली.