धरलेली जागा

अण्णा गेले, तेव्हा त्यांचा मुलगा सुधीर जर्मनीत होता. विमानाचं तिकीट मिळालं नाही, असं तो म्हणाला. अंत्यविधी त्यानं फोनवर पाहिला. फोन मी धरला होता.

अण्णा येडशीतले माझे शेजारी. त्यांच्या खांद्यावर कायम टॉवेल असे, आणि तो घाम पुसायला नव्हे, जागा धरायला. एसटी थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल आत. लग्नाच्या पंगतीत टॉवेल, दवाखान्याच्या बाकावर टॉवेल. कुणी कुरकुर केली की म्हणत, "जागा धरलीय. माणूस येतंय." माणूस येईच असं नाही.

सुधीरनं त्यांना एकदा जर्मनीला नेलं, तेव्हा टॉवेलही गेला. सुधीरला सुट्टी नव्हती. अखेर एका रविवारी बापलेक रेल्वेनं फिरायला निघाले. अण्णा तिकिटाची खिडकी शोधू लागले, तोवर सुधीरनं फोनवरच दोघांचा मिळून एक पास काढला. दिवसभर कुठंही फिरा, फक्त दोघांनी बरोबर राहायचं.

"आन् कागुद?"

"कागद नसतो, अण्णा. फोनमध्येच आहे."

गाडी आली. अण्णा आधी चढले आणि शेजारच्या जागेवर टॉवेल टाकला. सुधीरला ऑफिसचा फोन आला. तो बोलत फलाटावरच राहिला आणि दारं मिटली.

पुढं गाडी भरली. तपासनीस आला. अण्णांनी रिकाम्या जागेकडं बोट केलं. "तिकीट ह्याच्याकडं हाय."

गावात, घराच्या ओट्यावर बसून हे ते रंगवून सांगत. "त्या सायबानं टॉवेल उचलून खाली बघितलं की, गुरुजी! म्हणलं, बघ बाबा, गावलं तर मलाबी सांग."

लोक हसत. गोष्ट तिथंच संपे. पुढचं त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं. त्यांना पुढच्या स्टेशनावर उतरवलं. मागच्या गाडीनं सुधीर आला, तोही फोनवर बोलतच. "अण्णा, इथं असं जागा धरत नाहीत," एवढं म्हणून त्यानं परतीची गाडी पाहिली. फिरणं तेवढंच झालं.

गावी परतल्यावर ओट्यावर त्यांच्या शेजारी टॉवेल असायचा. एकदा मी तो सरकवून बसू लागलो.

"तिकडं बसा की, गुरुजी."

"कोण यायचंय, अण्णा?"

"गाडी लागायचीय अजून," ते म्हणाले आणि रस्त्याकडं बघत राहिले.

तेराव्यालाही सुधीरला तिकीट मिळालं नाही. घराला गिऱ्हाईक बघा, असं त्यानं मला फोनवर सांगितलं.

घराला आता कुलूप आहे. किल्ली माझ्याकडं आहे. टॉवेल ओट्यावर आहे.